शिशाच्या एप्रनची घडी

बुलढाणा जिल्ह्यात मुंबईची माणसं जातात ती लोणारचं सरोवर बघायला. मी गेले ती एका बाईला खोटं ठरवायला. सरोवर काही मैलांवर राहिलं आणि मी ते न बघताच परत आले. सरोवराच्या वर्णनाच्या आशेने ज्यांनी हे पान उघडलं असेल त्यांनी इथूनच रजा घ्यावी, मला राग येणार नाही.

खोटं ठरवायला म्हणजे काय ते आधी सांगते. ज्या इस्पितळांत एक्सरेचं यंत्र असतं, तिथल्या डॉक्टरांना आमचं मुंबईचं कार्यालय एक बिल्ला पाठवतं. काडेपेटीएवढी डबी आणि तिच्या आत फिल्मचा तुकडा, बस. डॉक्टरांनी तो कमरेशी, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा (एप्रनही आमच्याकडूनच जातो) आणि महिन्याने आमच्याकडे परत धाडायचा. फिल्म जितकी काळी, तितके किरण एप्रन ओलांडून अंगापर्यंत पोहोचले. हा काळेपणा मोजणं हे माझं काम.

खामगावच्या एका इस्पितळातल्या डॉ. शकुंतला इंगळे यांचा बिल्ला चार महिने वाजवीपेक्षा काळा येत होता. मी त्यांना पत्र लिहिलं, 'बिल्ला एप्रनच्या आत लावावा.' उत्तर आलं, 'आतच लावते.' मी दुसरं पत्र लिहिलं आणि ते जरा तिखट झालं: 'आत लावल्यास असे आकडे येणे शक्य नाही. कृपया सत्य कळवावे.' त्यावर एक कार्ड आलं. कार्डावर तीनच शब्द होते: 'येऊन बघून जा.'

एरवी अशा कार्डाला आमच्याकडे फाइल दाखवतात. पण या बाईंनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. ज्यांच्या हृदयाची लय बिघडली आहे अशा रोग्यांच्या शिरेतून हृदयापर्यंत एक तार सरकवतात आणि तिच्यातून हृदयाला ठोके देतात. ते काम एक्सरेच्या पडद्यावर बघत करावं लागतं, कधी तास तास. निवड समितीत आधीच कुजबुज होती की असल्या कामात बायका नकोत, किरणांचा धोका असतो. त्यात हे काळे बिल्ले. समितीने आमच्या कार्यालयाचा अहवाल मागवला होता आणि तो आल्याशिवाय अर्जाचा निकाल लागणार नव्हता. तेव्हा साहेबांनी मलाच पाठवलं.

मलकापूर

खामगावला जवळचं स्टेशन जलंब, पण मेल तिथे थांबत नाही, म्हणून मलकापूरला उतरले. सकाळची वेळ, थंडी बोचरी. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर बटाटेवडा मागितला तर तो भला माणूस म्हणाला, "नाई जी. आलूबोंडा हाय." समोरच्या परातीत बटाटेवडेच होते. मी म्हटलं, आलूबोंडा द्या. नाव बदलल्याने चवही बदलली होती. त्यात बडीशेप होती आणि मिरची आमच्या दुप्पट.

खामगावची एसटी कापसाच्या बैलगाड्यांमागून रखडत चालली होती. कापूस सरकी काढायला जिनिंगला निघालेला. गाड्या इतक्या भरलेल्या की बैल दिसत नसत, नुसता पांढरा ढीग रस्त्याने चालला आहे असं वाटे. दोन्ही बाजूच्या बाभळींनी वाटेत आपला वाटा काढून घेतला होता, काट्याकाट्यावर कापूस. माझं लहानपण पेणला गेलं, तिथे रस्त्याच्या कडेला पाणी नाहीतर मीठ. इथली जमीन काळी, भेगाळलेली, आणि नजर अडेल असं मध्ये काही नाही.

शेजारी बसलेल्या बाईने नांदुरा येईपर्यंत माझी सगळी माहिती काढून घेतली. "कायले चालल्या खामगावले? कोनी बिमार हाय काय?" मी म्हटलं, इस्पितळात काम आहे. "डाक्टरीनबाईकडं? मंग बरं. मीबी थ्याइच्याकडंच जातो." इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना मी मागे वळून पाहिलं, कोणी पुरुष बोलला की काय म्हणून. दोन दिवसांनी निघताना मीही बसवाल्याला 'मी उतरतो' म्हणाले, तो भाग वेगळा.

खामगाव

डॉ. इंगळे तिशीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, आवाज हळू पण ठाम. मी माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "दामलेबाई. म्हणजे पत्रं तुमचीच." मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "चला, चहा घेऊ. वीस मिनिटं आहेत." आणि मला एक लाल काचांचा चष्मा दिला.

हा चष्मा कशासाठी ते मला ठाऊक होतं. स्क्रीनिंगच्या खोलीत पूर्ण अंधार लागतो, कारण पडद्यावर उमटणारी हिरवट आकृती फार अंधुक असते. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आधी वीसेक मिनिटं लाल चष्मा लावून बसायचं. मुंबईतले बहुतेक डॉक्टर पाच मिनिटांत उठतात, मग दिसत नाही म्हणून यंत्र वाढवतात आणि किरण जास्त खातात. या बाई घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं बसल्या. लाल चष्मे लावून आम्ही दोघी व्हरांड्यात चहा पीत होतो. येणारेजाणारे बघत होते, पण कोणी हसलं नाही. त्यांना सवय असावी.

मग अंधारात मी त्यांचं काम पाहिलं. एकामागून एक छातीचे रोगी पडद्यामागे उभे राहत होते. बाई पायाने कळ दाबत, डोळे मिचकावण्याइतका वेळ बघत, लगेच पाय उचलत. किरणांची झडप त्यांनी हवी तेवढीच उघडी ठेवली होती. मी टाचण करायला वही घेऊन गेले होते, दाखवून द्यायला चुका शोधत होते. एकही सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला राग आला.

बिल्ला त्यांनी एप्रनच्या आत, निऱ्यांपाशी लावला होता. मी स्वतः हात लावून खात्री केली. त्या म्हणाल्या, "अजून बघायचं असलं तर बघा."

एका म्हाताऱ्याला बघताना मात्र त्यांनी मला जवळ बोलावलं. "हृदय बघा." हिरवट उजेडात एक मुठीएवढी सावली होती. ती हलत होती, पण इतकी सावकाश की आता थांबली असं वाटे आणि मग पुन्हा हले. म्हातारा दोनदा चक्कर येऊन पडला होता. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "गेल्या साली जिनिंगमधला एक जण असाच आला होता. मी पडद्यावर बघत होते आणि माझ्या समोर त्याचे ठोके थांबले. मला सगळं दिसत होतं. करता काही येत नव्हतं. मुंबईला ते करता येतं, म्हणून मला जायचंय." एवढंच बोलून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

काम संपल्यावर खोलीत दिवा लागला आणि सुभद्रामावशी आत आल्या. या तिथल्या आया, साठीला आलेल्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून एप्रन उतरवून घेतला, ओल्या फडक्याने पुसला, टेबलावर पसरला आणि घडी घालू लागल्या.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"शिशाचं लुगडं ठिवून राह्यलो, बाई."

शिशाचं लुगडं. चार-पाच किलो वजनाचं रबर, त्यात शिसं कालवलेलं, आणि मावशी त्याची रेशमी साडीसारखी घडी घालत होत्या. खोलीच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात तळाला कडुनिंबाचा पाला, त्यावर स्वच्छ मांजरपाट. एप्रन त्यात गेला, वरून पुन्हा पाला. कसर लागू नये म्हणून!

शिशाचं रबर रोज रोज दुमडायचं नसतं, ते टांगायचं असतं. आमच्याकडे एप्रन लाकडी दांडीवर असतात आणि दांडीवर असतात म्हणूनच त्यांची घडी घालू नये हे कोणी कोणाला सांगत नाही. मी तो पेटीतून पुन्हा काढायला लावला. वरून बघितलं तर काही दिसेना. कापडाची खोळ शाबूत, हाताला थोड्या चुण्या लागत इतकंच. मग दिवा मालवून, रोगी उभे राहतात तिथे आम्ही एप्रन टांगला आणि मी पडद्याच्या शिसं घातलेल्या काचेआडून कळ दाबली.

एप्रनच्या जागी पडदा काळाच राहायला हवा होता. त्यावर हिरव्या रेघा उमटल्या. एक आडवी, एक उभी, परत एक आडवी. सरळ आणि स्वच्छ, खिडकीच्या गजांसारख्या. त्यातली सगळ्यांत ठळक रेघ बरोबर कमरेवरून गेली होती, जिथे बिल्ला असतो. बाईंनी पदराआड हात नेऊन ती जागा चाचपली.

दिवा लावून मी म्हटलं, "घडीवरच मोडलाय." आणि मावशींकडे वळून विचारलं, "कोणी केलं हे?"

मावशींना यातलं 'घडी' आणि 'मोडणं' तेवढं कळलं. त्यांचा चेहरा फुलला. "मीच मोडली घडी! पार्सल आलं न बाई, तवा डाक्टरीनबाईनं सोता मले सांगतलं, मावशी, नवं हाय, घडी तू मोड. म्या आंगाले लावलं, मंग थ्याइनं घातलं. माह्या सुनेनंबी मले कधी घडी मोडाले देल्ली नाई."

नवं लुगडं आपण नेसण्याआधी मानाच्या, मायेच्या बाईला नेसायला द्यावं, ही रीत आमच्याकडेही आहे. मी तोंडात आलेलं सगळं गिळलं. बाईंनी हळूच माझ्याकडे मान हलवली: आत्ता नको. पण मला एक गोष्ट बघायची होती. मी म्हटलं, "मावशी, घडी कशी घालता ते परत एकदा दाखवा."

"जशी आल्ती तशीच घालतो. एक डाव चुकली नाई." त्यांनी एप्रन पालथा केला. दोन्ही पट्टे आत घेतले. आधी आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा. शेवटी वरचं एक टोक तिरकं आत खोचलं, म्हणजे घडी सुटत नाही.

ते तिरकं टोक बघितलं आणि मी स्टुलावर बसले. आमच्या घरी गोधड्यांची घडी अशी घालतात. माझी आई घालायची. कार्यालयात मी पार्सलं बांधते तेव्हा आमचा शिपाई दर वेळी हसतो, बाई, टोक खोचलं का? खामगावला गेलेल्या एप्रनची घडी माझ्या हातची होती. मावशींनी ती वर्षभर, रोज, न चुकता तशीच घातली होती.

मी काही बोलले नाही. हे आता लिहितानाही बरं वाटत नाही, पण बोलले नाही खरी.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे इस्पितळाच्या प्रमुखांना, रेघांची हकिकत सांगितली. सज्जन गृहस्थ होते, त्यांना बाईंचं भलंच हवं होतं. ते खूश झाले. "मग सुटलाच की प्रश्न. अहवालात लिहा, आयाच्या निष्काळजीपणामुळे एप्रन खराब झाला. इंगळेबाईंकडे काही दोष नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या. "मावशींचं नाव लिहिणार असाल तर मी माझा अर्ज मागे घेते."

"अहो, पण कुणाचं तरी नाव लिहावंच लागेल. तो रकाना आहे."

"मग माझं लिहा."

माझं नाव लिहा असं म्हणायची ही माझी वेळ होती. मी वहीत बघत बसले.

सुलतानपूर

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई आईला भेटायला सुलतानपूरला जायच्या होत्या. मला म्हणाल्या, "चला. एकट्या काय कराल इथे?" मेहकरवरून बस जाते. वाटेत त्या माझ्याशी पिकांबद्दल बोलल्या, अहवालाबद्दल एक अक्षर नाही. मेहकर मागे पडलं तशी लोकांची बोली जरा बदलल्यासारखी वाटली, जालन्याकडची हवा लागलेली. ज्वारी कणसात आली होती.

घर लहान, शेणाने सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, बाईंचं डॉक्टरकीचं सर्टिफिकेट. आईने आम्हाला बसवलं आणि मिरचीची भाजी वाढली. हा पदार्थ मी आधी खाल्ला नव्हता. हिरव्या मिरच्या तुरीच्या डाळीबरोबर शिजवून घोटतात आणि फोडणी देतात. आमच्याकडे मिरची भाजीत घालतात, इथे मिरचीचीच भाजी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने न विचारता भाकरीवर तेल ओतलं आणि कांदा फोडून पुढे ठेवला.

"मुंबईच्या ना तुमी? मंग तुमाले ठाऊक असंन," आई म्हणाल्या. "तठी एक बाई हाय. माह्या पोरीले चिठ्ठ्या धाडते. खरं सांग म्हन्ते. माही पोरगी काय खोटं बोलते? इच्या बापानं ढोरामागं फिरून शिकवली, पन खोटं बोलाले नाई शिकवलं. पोरगी दोन दिवस जेवली नाई थ्या चिठ्ठीपाई."

बाई ताटाकडे बघत होत्या. त्यांनी आईला मी कोण ते सांगितलंच नव्हतं.

डोळ्यांत मिरचीचं पाणी होतंच, त्यामुळे सोपं गेलं. मी म्हटलं, "ती बाई मीच."

आईचा हात भाकरीवर थांबला. "तू हाय थे?"

"हो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओरडल्या नाहीत. "मंग आता काय लिहशीन?"

"घडी माझी होती, असं लिहीन." आणि मग मी सगळं सांगितलं, ते पार्सल, ते तिरकं टोक, आईच्या गोधड्या. एप्रन दुमडू नये अशी एक ओळ त्या पार्सलात टाकायला हवी होती, तीही मी टाकली नव्हती. सांगताना मी बाईंकडे बघायचं टाळत होते.

बाईंनी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"काल. मावशी घडी घालत होत्या तेव्हा."

"आणि मोठ्या डॉक्टरांसमोर?"

"भीती वाटली. नोकरीची. आणि लाजही वाटली."

आईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. रागाने टाकली की मायेने ते मला अजून कळलेलं नाही. मी ती पूर्ण खाल्ली.

लोणारला जाऊन येण्याइतका वेळ होता. बाईंनी विचारलंसुद्धा. मी नको म्हटलं. ते पाणी बघण्याइतकं मन हलकं नव्हतं.

मुंबई

परत आल्यावर पहिल्याच दिवशी अहवाल लिहिला. 'डॉक्टरांच्या कामाची पद्धत: निर्दोष. बिल्ल्याची जागा: योग्य. कारण: एप्रनची घडी. घडी या कार्यालयातून घालून पाठवली व तीच पुढे पाळली गेली. सूचना पाठवली नव्हती.' जबाबदार व्यक्ती या रकान्यात माझं नाव. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे शेवटचं इतकं स्पष्ट लिहायलाच हवं का. मी म्हटलं, हवं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. माझ्या फाइलीत एक ठपक्याचा कागद लागला; तो वाजवीच होता. त्याच आठवड्यात बाकीच्या इस्पितळांना पत्रं गेली की एप्रन दुमडू नये, दांडीवर टांगावा. खामगावला नवा एप्रन गेला तो बांबूला गुंडाळून.

आणखी पाच इस्पितळांतून एप्रन परत आले. तीन ठिकाणी डॉक्टर बायका होत्या. सगळ्यांवर रेघा होत्या, आणि दोन एप्रनांचं टोक तिरकं खोचलेलं होतं.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी डॉ. इंगळे मुंबईला आल्या. निवड झाली होती. पहिल्या दिवशी बिल्ला घ्यायला त्या आमच्या कार्यालयात आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले. बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. मी मावशींची चौकशी केली.

"बऱ्या आहेत. नवा एप्रन आला तेव्हा बांबूवरून सोडवून बघत बसल्या. म्हणाल्या, याले घडीच नाई, त मोडू काय?"

मी हसले. त्याही हसल्या, थोड्या. मग मी बिल्ला पुढे केला. तो हातात घेऊन त्यांनी खिडकीजवळच्या दांडीवरचा एक एप्रन उतरवला, अंगात घातला, पट्टे बांधले. मग एप्रनचा काठ उचलून धरला आणि बिल्ला माझ्यासमोर, मला नीट दिसेल असा, आत लावला.